विश्लेषण : ‘शेवटचं नीट कधी पाहिलं होतं?’ पक्षाघातात डॉक्टर हाच प्रश्न पुन्हा पुन्हा का विचारतात?

पक्षाघाताचा रुग्ण कॅज्युअल्टीत आला की डॉक्टर नातेवाइकांना एकच प्रश्न दोन-तीनदा विचारतात. यांना नीट बोलताना-चालताना शेवटचं कुणी पाहिलं आणि किती वाजता? माणूस समोर एका बाजूने लुळा पडलेला, तोंड वाकडं झालेलं, आणि डॉक्टर मात्र घड्याळाचा हिशोब मागताहेत, याचा घरच्यांना राग येतो. मग कुणीतरी पटकन सांगून टाकतं, ‘आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी.’ साडेचार तासांच्या आत आलं तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळतं, नंतर मिळत नाही, एवढं एव्हाना बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं.

माणूस वाचावा म्हणून दिलेलं हे ‘अ‍ॅडजस्ट’ केलेलं उत्तर त्याच माणसाच्या जिवावर बेतू शकतं. ते कसं, हे कॅज्युअल्टीत उभ्या उभ्या समजावून सांगायला कुणाकडे वेळ नसतो. बातम्यांमध्येही ‘गोल्डन अवर’ आणि ‘साडेचार तास’ एवढेच शब्द येतात, त्यामागचं कारण क्वचितच येतं. ते कारण आहे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर. डॉक्टरांचा वेळेचा प्रश्न म्हणजे हे अस्तर किती वेळ रक्ताशिवाय आहे, याची चौकशी असते.

मेंदूभोवतीची भिंत

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीर वापरतं त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकट्या मेंदूला लागतो. म्हणजे रक्त भरपूर हवं. पण रक्तातलं सगळंच आत शिरून चालत नाही. रक्तातल्या क्षारांचं प्रमाण जेवणानंतर, व्यायामानंतर खाली-वर होत असतं आणि चेतापेशींना हा चढउतार सोसत नाही. त्यामुळे मेंदूतल्या केशवाहिन्यांची बांधणीच वेगळी आहे. त्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की मधल्या फटीतून जवळपास काहीच झिरपत नाही. बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशींचं वेष्टण आणि त्यावर अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींच्या पायांचा वेढा. ग्लुकोजसारख्या गरजेच्या गोष्टींसाठी ठरावीक दारं आहेत. या सगळ्या व्यवस्थेला म्हणतात ब्लड-ब्रेन बॅरिअर.

तिचा शोध रंगांमुळे लागला. जर्मन शास्त्रज्ञ पॉल अर्लिख यांनी १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिले. सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. मेंदूची पेशी हा रंग धरतच नसावी, असं त्यांना वाटलं. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये उलटा प्रयोग केला. रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे मध्ये काहीतरी अडवणारं होतं. ते नेमकं काय, हे दिसायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला. १९६७ मध्ये रीस आणि कार्नोव्हस्की यांनी उंदराच्या मेंदूतल्या केशवाहिन्यांमधले ते घट्ट सांधे दाखवून दिले.

‘भिंत’ हा शब्द सोपा आहे, पण थोडा फसवा आहे. ही भिंत जिवंत पेशींची आहे. तिलाही रक्तातूनच ऑक्सिजन मिळतो.

गुठळी अडकली की दोन गोष्टी बिघडतात

पक्षाघाताचे दोन मुख्य प्रकार. एकात रक्तवाहिनी फुटते, दुसऱ्यात गुठळीने बंद होते. दुसरा प्रकार जास्त आढळतो आणि इंजेक्शनचा प्रश्न फक्त त्याच्याच बाबतीत येतो.

रक्तवाहिनी बंद झाली की पलीकडच्या भागातला मधला गाभा काही मिनिटांतच मरू लागतो. भोवतालचा पट्टा आजूबाजूच्या वाहिन्यांमधून येणाऱ्या थोड्याफार रक्तावर तग धरून असतो. काम बंद पडलेलं, पण जीव आहे, अशी त्याची अवस्था. याला पेनंब्रा म्हणतात आणि पक्षाघातावरचे सगळे तातडीचे उपचार हा पट्टा वाचवण्यासाठी असतात. अमेरिकेतले न्यूरोलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला होता, की मोठी वाहिनी बंद झालेल्या सर्वसाधारण रुग्णात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. हा आकडा तुम्ही फॉरवर्डमध्ये पाहिला असेल.

दुसरी गोष्ट फॉरवर्डमध्ये येत नाही. चेतापेशींबरोबर भिंतही उपाशी असते. आधी तिच्या पेशी फुगतात. मग सांधे सैल होऊ लागतात. पेशींना धरून ठेवणारा खालचा थर कापणारी मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरं वाढतात. सुरुवातीची ढिलाई पुन्हा भरून निघू शकते. मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊन त्यांची विकरं ओतू लागल्या, की पडझड मोठी होते. आता रक्तातलं पाणी आणि प्रथिनं मेंदूत झिरपतात, सूज वाढते आणि शेवटी लाल पेशीही बाहेर येतात. म्हणजेच रक्तस्राव.

यातला क्रूर भाग असा, की रक्तप्रवाह पुन्हा सुरू होणं हा उपायही आहे आणि भिंतीची परीक्षाही. ज्यांच्या भागात दोन-दोन दिवस नळाला पाणी येत नाही, त्यांना हे लगेच कळेल. पाणी दाबाने सोडलं की चांगली लाइन भरते आणि कुजलेल्या सांध्यांतून रस्त्यावर कारंजी उडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००४ मध्ये १४४ रुग्णांचे एमआरआय तपासले. तपासणीसाठी शिरेतून दिलेलं गॅडोलिनियम भिंतीबाहेर झिरपलेलं आहे का, हे त्यांनी पाहिलं. साधारण एक तृतीयांश रुग्णांत ते झिरपलं होतं. ज्यांचा रक्तप्रवाह परत सुरू झाला त्यांच्यात हे जास्त दिसलं आणि ज्यांच्यात दिसलं त्यांच्यात पुढे रक्तस्रावही जास्त आढळला.

इंजेक्शन काय देतं, काय मागतं?

गुठळी विरघळवणारं जुनं औषध म्हणजे स्ट्रेप्टोकायनेज. आपल्याकडे हार्ट अटॅकमध्ये ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. हृदयात गुठळी विरघळवणारं औषध १२ तासांपर्यंत दिलं जातं, मग मेंदूलाच साडेचार तासांची घाई का, असा प्रश्न नातेवाईक विचारतात आणि तो रास्त आहे. उत्तर नव्वदच्या दशकात मिळालं. पक्षाघातात स्ट्रेप्टोकायनेज वापरून पाहणाऱ्या मोठ्या चाचण्या रक्तस्राव आणि मृत्यू वाढल्यामुळे मध्येच थांबवाव्या लागल्या. यातल्या दोन चाचण्यांत सहा तासांपर्यंत आलेले रुग्ण घेतले जात होते. हृदयाचा स्नायू जास्त वेळ तग धरतो. मेंदू तेवढा धरत नाही, आणि बंद कवटीत झालेल्या रक्तस्रावाला पसरायला जागाही नसते.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या एनआयएनडीएस चाचणीने चित्र बदललं. ६२४ रुग्ण आणि लक्षणं सुरू झाल्यापासून फक्त तीन तासांची मुदत. टीपीए हे औषध मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी जवळपास अपंगत्वाशिवाय होते. न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. पण पहिल्या ३६ तासांत त्रासदायक रक्तस्राव ६.४ टक्के विरुद्ध ०.६ टक्के, म्हणजे दहापट. तरीही तीन महिन्यांअखेर मृत्यू वाढले नाहीत, उलट किंचित कमीच होते. संमतीपत्रावर सही घेताना डॉक्टर ‘शंभरात सहा जणांना ब्लीडिंग होऊ शकतं’ म्हणतात, तो आकडा इथून आलेला आहे. तो ऐकून पुष्कळ कुटुंबं मागे हटतात. त्यांना दोन्ही आकडे एकत्र सांगितले गेले पाहिजेत. फक्त धोक्याचा आकडा सांगणं म्हणजे नकाराकडे ढकलणं आहे.

साडेचार तास ही मर्यादा २००८ च्या युरोपीय चाचणीतून आली. त्यात ३ ते ४.५ तासांदरम्यान औषध मिळालेल्यांपैकी ५२.४ टक्के बरे झाले, न मिळालेल्यांपैकी ४५.२ टक्के. म्हणजे फायदा होता, पण आधीपेक्षा कमी.

इथे एक बारकावा आहे आणि तो लपवला तर हा लेखही फॉरवर्डच्याच दर्जाचा होईल. २०१४ मध्ये नऊ चाचण्यांतल्या ६,७५६ रुग्णांची आकडेवारी एकत्र केली गेली. तीन तासांच्या आत औषध दिलं तर ३३ टक्के विरुद्ध २३ टक्के. तीन ते साडेचार तासांत ३५ विरुद्ध ३०. त्यानंतर ३३ विरुद्ध ३१. फायदा असा उतरत गेला. रक्तस्रावाचा धोका मात्र साडेचार तासांच्या रेषेवर अचानक उसळलेला दिसला नाही. औषधामुळे तो लवकर आणि उशिरा आलेल्यांत सारख्याच पटीत वाढला. अर्थात अशा चाचण्यांत सीटी स्कॅनवर मोठं नुकसान आधीच दिसणारे रुग्ण सहसा घेतले जात नाहीत. पण अर्थ स्पष्ट आहे. उशीर झाला की धोका तेवढाच राहतो आणि मिळण्यासारखं काही उरत नाही. आठ तास झालेल्या रुग्णाची वेळ ‘अर्धा तास’ सांगितली तर नेमका हाच सौदा त्याच्या माथी मारला जातो. साध्या सीटी स्कॅनवर रक्तस्राव आहे की नाही हे लगेच कळतं, भिंतीचा सांधा किती सैल झालाय हे कळत नाही. ती माहिती डॉक्टर तुमच्याकडून घेत असतात.

घड्याळ ही तशी कच्चीच मोजपट्टी

साडेचार तास हा आकडा वीजबिलाच्या शेवटच्या तारखेसारखा वाचला जातो. ‘अजून दोन तास आहेत, तोवर फॅमिली डॉक्टरांना दाखवून घेऊ’ हा विचार त्यातूनच येतो. सगळ्यांचा मेंदू एका वेगाने मरत नाही. ज्यांच्या पर्यायी रक्तवाहिन्या चांगल्या त्यांचा पेनंब्रा बरेच तास टिकतो. ज्यांची रक्तातली साखर खूप वाढलेली असते त्यांच्यात भिंत लवकर ढासळते आणि रक्तस्राव जास्त होतो. मधुमेहाचं आपल्याकडचं प्रमाण पाहता ही किरकोळ गोष्ट नाही.

गेल्या दहा वर्षांतलं संशोधन म्हणूनच घड्याळाकडून स्कॅनकडे सरकतंय. साधारण पाचातला एक पक्षाघात झोपेतून उठल्यावर लक्षात येतो. अशा वेळी ‘शेवटचं नीट’ म्हणजे रात्री झोपताना, आणि तेवढ्यावर मुदत संपलेली असते. २०१८ च्या ‘वेक-अप’ चाचणीत अशाच ५०३ रुग्णांचे एमआरआय केले गेले. एका प्रकारच्या प्रतिमेत नुकसान लगेच दिसतं, दुसऱ्या प्रकारात दिसायला काही तास लागतात. पहिल्यात दिसतंय पण दुसऱ्यात नाही, तर पक्षाघात बहुधा ताजा आहे. अशांना औषध दिल्यावर ५३.३ टक्के बरे झाले, न दिलेल्यांत ४१.८ टक्के. त्याच वर्षीच्या ‘डॉन’ चाचणीत स्कॅनवरून निवडलेल्या रुग्णांची गुठळी ६ ते २४ तासांच्या दरम्यान तार घालून बाहेर काढली. स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांचं प्रमाण १३ वरून ४९ टक्क्यांवर गेलं. म्हणजे उशीर झाला म्हणून घरी ठेवणं हेही चूकच. फक्त हा उपचार मोठ्या वाहिनीतल्या गुठळीसाठी आहे, खर्चिक आहे आणि मोजक्या शहरांत मिळतो.

भिंतीची गळती थेट मोजून ‘या रुग्णाला द्या, याला नको’ ठरवण्याइतकं तंत्र अजून रोजच्या वापरात आलेलं नाही. ते येईपर्यंत, एमआरआय नसलेल्या ठिकाणी, भिंतीबद्दलचा सगळ्यात चांगला पुरावा नातेवाइकांच्या तोंडी असतो.

मग सांगायचं काय?

खरं तेच. वेळ माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा, कारण मग डॉक्टर वेगळ्या स्कॅनचा विचार करू शकतात. खोटी वेळ हा रस्ता बंद करते. आणि ‘माहीत नाही’ म्हणण्याआधी फोन पाहा. सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी कुणाशी फोनवर नीट गप्पा मारल्या असतील, व्हॉइस नोट पाठवली असेल, दूधवाल्याशी हिशोब केला असेल, तर ‘रात्री दहा’ हे उत्तर बदलून ‘सहा वीस’ होतं. एका कॉल लॉगवर इंजेक्शन मिळू शकतं. झटका आलेली वेळ आणि तुम्हाला माणूस पडलेला दिसला ती वेळ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं जड, यातलं काहीही अचानक दिसलं तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच जा. वाटेत दोन ठिकाणी ‘एकदा दाखवून’ जाऊ नका. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण हा रक्तस्राव आहे की गुठळी हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही. जिभेखाली गोळी ठेवून बीपी झटक्यात उतरवण्याचा प्रयोगही नको, कारण तगून असलेल्या पट्ट्याला मिळणारं थोडंफार रक्तही त्यामुळे तुटू शकतं. इंजेक्शनआधी बीपी १८५/११० च्या खाली असावं लागतं हे खरं, पण ते उतरवायचं काम रुग्णालयात, मोजून-मापून होतं.

मात्र सगळी जबाबदारी नातेवाइकांवर टाकून मोकळं होता येणार नाही. तालुक्याच्या गावातून सीटी स्कॅनपर्यंत पोहोचायलाच दोन तास लागत असतील, तर प्रामाणिक उत्तराचा उपयोग काय? हिमाचल प्रदेशाने यावर २०१४ पासून एक साधा मार्ग चालवून दाखवला. सीटी स्कॅन असलेल्या सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं, न्यूरोलॉजिस्ट स्मार्टफोनवर स्कॅन पाहून सल्ला देऊ लागले आणि औषध सरकारने मोफत पुरवलं. डोंगराळ राज्याला हे जमलं, तर महाराष्ट्राला न जमण्याचं कारण मला तरी दिसत नाही. टेनेक्टेप्लेज हे नवं औषध तासभराच्या सलाइनऐवजी एकाच इंजेक्शनात देता येतं, त्यामुळे छोट्या रुग्णालयात देऊन रुग्णाला लगेच पुढे पाठवणं सोपं जातं. कॅनडातल्या २०२२ च्या चाचणीत ते जुन्या औषधापेक्षा कमी ठरलं नाही आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेनेही पक्षाघातासाठी त्याला मान्यता दिली. भारतात ते बनवणारी जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही कंपनी पुण्याचीच आहे. औषध पुण्यात तयार होतं. ते गडचिरोली-नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयातल्या फ्रीजमध्ये रात्री दोन वाजताही हाताशी असतं का, आणि ते द्यायला सांगणारा तज्ज्ञ फोनवर मिळतो का, हे आरोग्य खात्याने जिल्हावार जाहीर करावं.

आणि तिसऱ्या दिवशी?

‘पहिल्या दिवशी बरे होते, तिसऱ्या दिवशी बेशुद्ध झाले, नक्कीच हलगर्जी झाली’, ही तक्रार रुग्णालयांत नेहमी ऐकू येते. कधी ती खरीही असेल. पण मोठ्या पक्षाघातात भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्याची सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत कळसाला पोहोचते, इंजेक्शन दिलेलं असो वा नसो. काही रुग्णांत कवटीचा एक भाग तात्पुरता काढून मेंदूला जागा करून द्यावी लागते. साठीच्या आतल्या रुग्णांवर ४८ तासांच्या आत ही शस्त्रक्रिया झालेल्या युरोपीय चाचण्यांचे आकडे २००७ मध्ये एकत्र केले, तेव्हा वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण ७८ टक्के होतं, शस्त्रक्रिया न झालेल्यांत २९ टक्के. वाचलेल्यांपैकी अनेकांना अपंगत्व राहिलं, हेही त्या आकड्यांतच आहे. मोठ्या वाहिनीचा पक्षाघात असेल तर सूज वाढल्यास इथे न्यूरोसर्जन आहे का, नसेल तर कधी आणि कुठे हलवायचं, हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.